गज सुटता कामा नये

२०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या एका गावातली दुमजली इमारत बघायला मी गेलो होतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ नदी ५७ फुटांच्या वर चढली होती, ते दिवस. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट धरतात. इमारतीचा तळमजला बरेच दिवस पाण्यात होता, आणि पाणी ओसरल्यावर स्लॅबच्या खालच्या अंगाला पोपडे सुटायला लागले होते. मिस्त्रींनी छिन्नी लावली. चार-पाच ठोक्यांत कव्हर खाली आलं आणि दहा मिलिमीटरचा गज उघडा पडला. त्यांनी तो चिमटीत धरून हलवला, तर तो हातभर लांबीत सुटा हलत होता.

"साहेब, गज हलतोय म्हणजे स्लॅब गेला," ते म्हणाले.

दोष पुराचा नव्हता. आठवड्याभरात गज इतका गंजत नाही. स्लॅब ओतला त्या दिवशी कव्हर ब्लॉक ठेवलेच नव्हते, गज थेट सेंट्रिंगच्या पत्र्यावर टेकला होता आणि त्याच्या खाली माल पोचलाच नव्हता. पुराने फक्त झाकलेलं उघडं केलं. मला खरा धक्का बसला तो फाइल पाहून. क्यूबचे, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून तोडण्याच्या चाचणीचे, सगळे रिपोर्ट पास. काँक्रीट एम-२० (दर चौरस मिलिमीटरला वीस न्यूटन दाब सोसणारं) मागितलं होतं, ठोकळे वीसच्या वर तुटले होते. काँक्रीट चांगलं होतं, लोखंड चांगलं होतं, पण दोघं एकमेकांना धरून नव्हते. आणि हे सांगणारा एकही कागद त्या फाइलमध्ये नव्हता, कारण तो कागद कोणी मागतच नाही.

आज सिमेंटविना काँक्रीटचा, म्हणजे सिमेंटऐवजी कारखान्यांच्या राखेने वगैरे बांधलेल्या काँक्रीटचा, विषय निघतो तेव्हा मला तो गज आठवतो. सातारा-सांगलीत अभियंत्यांच्या बैठकीत, महाविद्यालयांच्या प्रदर्शनात हा विषय आता वरचेवर येतो, आणि पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: "स्ट्रेंथ किती येते?" उत्तर मिळतं, चाळीस येते, पन्नास येते. सगळे माना डोलावतात. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न अपुरा आहे. या काँक्रीटला सरकारी कामात घ्यायचं की नाही, हे ते गजाला किती धरतं आणि किती वर्षं धरून ठेवतं यावरून ठरायला हवं. या कसोटीवर हे काँक्रीट उतरेल असं मानायला चांगली कारणं आहेत. म्हणूनच ती कसोटी इथे, आपल्या मालावर, आपल्या हवेत घेण्याची टाळाटाळ मला खटकते.

आधी सिमेंट नको कशाला, ते थोडक्यात. चुनखडी साधारण १४५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजून क्लिंकर करतात. भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला सुमारे साठ टक्के वाटा या दगडाचा असतो, इंधनाचा त्याहून कमी. म्हणजे उद्या भट्टी सूर्यावर चालवली तरी निम्म्याहून जास्त धूर तसाच राहणार. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे, आणि सिमेंट करण्यात चीनच्या खालोखाल आपला देश आहे. त्यावरचा एक उपाय म्हणजे औष्णिक वीज केंद्राची राख किंवा पोलाद कारखान्याचा स्लॅग (धातू गाळताना उरणारा मळ) घ्यायचा आणि कॉस्टिक सोडा व सोडियम सिलिकेटच्या द्रावणाने तो बांधायचा. कीवमध्ये ग्लुखोव्स्की यांनी १९५० च्या दशकातच स्लॅगवर हे काम सुरू केलं होतं. पुढे १९७० च्या दशकात फ्रान्सच्या जोसेफ डेव्हिडोव्हिट्स यांनी 'जिओपॉलिमर' हे नाव दिलं, आणि तेच आता रुळलं आहे.

आता गजाकडे येऊ. काँक्रीट दाबाला वाघ आणि ताणाला शेळी, हे आपल्याकडचा कुठलाही जुना गवंडी सांगेल. ताण गजाने घ्यायचा असतो. पण गजाकडे ताण पोचवतं कोण? काँक्रीटच, आणि तेही फक्त गजाच्या पृष्ठभागातून. बारा मिलिमीटरचा फे-५०० गज (दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटनला नमणारा) नमवायला जवळपास पावणेसहा टनांची ओढ लागते, म्हणजे उसाने भरलेल्या दोन बैलगाड्यांचं वजन. ही सगळी ओढ अंगठ्याएवढ्याही जाड नसलेल्या गजाच्या कातडीवरून काँक्रीटमध्ये उतरायची असते. काँक्रीटच्या भारतीय संहितेत, आयएस ४५६ मध्ये, यासाठी तक्ता आहे. एम-२५ काँक्रीटला साध्या गजासाठी दर चौरस मिलिमीटरला १.४ न्यूटन पकड धरायची, नक्षीच्या गजाला त्यावर ६० टक्के वाढ, म्हणजे २.२४. त्या हिशेबाने आपल्या बारा मिलिमीटरच्या गजाला डिझाइनच्या ताकदीने (नमण्याच्या ताकदीच्या ८७ टक्के) धरायला सुमारे ५८० मिलिमीटर लांबी लागते. साइटवर बार बेंडर 'पन्नास डी', म्हणजे गजाच्या जाडीच्या पन्नास पट, म्हणून दोन गजांचा जो लॅप (एकावर एक चढवलेला भाग) ठेवतो, त्याच्या मुळाशी हेच गणित आहे.

ही पकड तीन गोष्टींची मिळून होते. काँक्रीट गजाला चिकटतं, ती पहिली. ही चिकटण अगदी थोड्या सरकण्यातच तुटते. मग घर्षण. आणि तिसरी, खरी कामाची, म्हणजे गजावरची नक्षी. गज ओढला की प्रत्येक रिब (नक्षीचा उंचवटा) आपल्या पुढच्या काँक्रीटवर रेटा देते. हा रेटा तिरका असतो. थोडा पुढे, थोडा बाहेर. बाहेरचा रेटा गजाभोवतीच्या काँक्रीटला आतून फाकवू पाहतो, लाकडात पाचर ठोकावी तसा. म्हणून कव्हर कमी असेल किंवा रिंगा विरळ असतील तर गज ओढला जाण्याआधी काँक्रीटच त्याच्या लांबीने चिरतं.

विद्यार्थी असताना आम्ही हा प्रयोग केला होता. ठोकळ्यात गज ओतायचा आणि यंत्राने ओढायचा. साधा गोल गज निमूट सरकत बाहेर यायचा. नक्षीच्या गजाने मात्र ठोकळा दुभंगायचा, आणि तो आवाज सगळ्या इमारतीत घुमायचा. त्या दुभंगलेल्या ठोकळ्यात रिबांचे ठसे इतके स्वच्छ उमटलेले असायचे की बोट फिरवलं तरी मोजता यावेत. पूरग्रस्त इमारतीतून काढलेल्या कव्हरच्या तुकड्यावर मी तेच ठसे शोधत होतो. तिथे नुसता तांबडा गंज होता.

यातून मुद्दा असा निघतो की पकड काँक्रीटच्या दाबाच्या ताकदीपेक्षा त्याच्या चिरण्याच्या ताकदीवर जास्त अवलंबून असते. संहिता क्यूबच्या ग्रेडवरून पकड ठरवते, कारण पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटमध्ये या दोन ताकदींचं नातं अनेक दशकांच्या चाचण्यांतून ठाऊक झालेलं आहे. सिमेंट गेलं की ते नातं गृहीत धरता येत नाही. ते नव्याने सिद्ध करावं लागतं. 'एम-४० आलं ना, मग तक्त्यातून पकड घ्या' असं म्हणणारा अभियंता उधारीच्या आकड्यावर घर बांधतो आहे.

सुदैवाने सिद्ध करायचं काम बरंचसं झालेलं आहे. ऑस्ट्रेलियात पर्थच्या कर्टिन विद्यापीठात विजय रंगन यांच्या गटाने राखेच्या काँक्रीटवर दीर्घकाळ काम केलं. तिथल्याच प्रबीर सरकार यांनी गजाच्या पकडीची तुलना २०११ मध्ये प्रसिद्ध केली. तुळईच्या टोकासारख्या नमुन्यांतून गज ओढून पाहिले, तर सारख्याच दाब-ताकदीच्या सिमेंट काँक्रीटपेक्षा राखेच्या काँक्रीटने गज जास्त घट्ट धरला. कारणही त्यांनी दिलं: या काँक्रीटची चिरण्याविरुद्धची ताकद जास्त असते. नंतरच्या बहुतेक अभ्यासांचा कल तोच आहे. आपल्या संहितेतलं सूत्र या काँक्रीटला लावलं तर ते सहसा सुरक्षित बाजूला पडतं.

पण हे ऐकून लगेच स्लॅब ओतायला निघू नये. कर्टिनचं काँक्रीट कमी कॅल्शियमच्या राखेचं होतं आणि ते साठ अंशांच्या आसपास तापवून घट्ट केलेलं होतं. आपल्या साइटवर स्लॅब तापवायचा कसा? त्यासाठी स्लॅग मिसळतात, मग ते साध्या हवेत घट्ट होतं. पण स्लॅग वाढला की माल लवकर आवळतो आणि आकसणंही वाढतं. गजाभोवती आवळलेला माल व्हायब्रेटर नीट लागण्याआधीच बसला, तर खाली पोकळी राहणार, म्हणजे माझ्या त्या पूरग्रस्त स्लॅबचीच कथा नव्या साहित्यातून. आकसण्याच्या बारीक चिरा गजाच्या लांबीने पडल्या तर पाचरीला आयती फट मिळते. शिवाय ही काँक्रिटं अधिक ठिसूळ असतात. पकड वरच्या टोकाला पोचेपर्यंत उत्तम, पण सुटायला लागली की झपाट्याने सुटते.

चाचणीच्या पद्धतीचाही एक घोळ आहे. गज ओढण्याची आपली आयएस २७७० ही पद्धत १९६७ सालची. तिच्यात ठोकळ्यात गजाभोवती तारेची गुंडाळी घालतात, त्यामुळे तो दुभंगत नाही, आणि ठोकळा पट्टीवर टेकलेला असल्याने गजाभोवतीचं काँक्रीट दाबात राहतं. खऱ्या तुळईत ते ताणात असतं. दोन मिश्रणांची तुलना करायला ही चाचणी ठीक, पण तिच्यातून आलेला आकडा घेऊन लॅपची लांबी कमी करणं धोक्याचं. असे आकडे दाखवून 'लोखंड वाचतं' म्हणणारी सादरीकरणं मी पाहिली आहेत, आणि मला त्यांची भीती वाटते.

इथे एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. आपल्या पूर्वजांनी सिमेंटशिवायच बांधलं की! वाईचे घाट बघा, मेणवलीचा वाडा बघा, घाणीच्या चुन्यात उभे आहेत. खरं आहे, आणि त्या कारागिरीपुढे मीही मान लववतो. पण त्या चुन्यात गज नव्हता. दगडावर दगड बसवून सगळा भार दाबाने खाली नेलेला आहे. त्या चुन्याला लोखंड धरून ठेवण्याची परीक्षा कधी द्यावीच लागली नाही. आपल्या बाल्कन्या, सज्जे आणि पाण्याच्या टाक्या रोज ती परीक्षा देतात.

साताऱ्याला तर ही परीक्षा जास्त कठीण द्यावी लागते, कारण आपल्या वाट्याला कोयना आहे. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट पाटण तालुक्यातली जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. कोयनानगरची घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली. धरण उभं राहिलं, पण त्याच्या उंच भागांत, मागच्या बाजूचा उतार जिथे बदलतो तिथे, आडव्या चिरा गेल्या. गज नसलेलं काँक्रीट ताणात काय करतं ते त्या दिवशी धरणाच्या अंगावर लिहिलं गेलं. २०१६ च्या भूकंप संहितेत कोयनेचा हा भाग चौथ्या, म्हणजे तीव्र धोक्याच्या झोनमध्ये आहे.

भूकंपात गज एकदाच ओढला जात नाही. तो क्षणात ओढला जातो, क्षणात ढकलला जातो. प्रत्येक हेलकाव्याला रिब आधी एका बाजूचं काँक्रीट चिरडते, मग दुसऱ्या बाजूचं, आणि मध्ये ढिलाई तयार होते. तुळई आणि कॉलमच्या सांध्यात हे सगळ्यात वाईट होतं. म्हणून तर भूकंपात टिकणाऱ्या बांधणीची संहिता आयएस १३९२० सांध्याजवळ लॅप नको म्हणते आणि गज कॉलमच्या आत जास्त लांबीने नेऊन अडकवायला सांगते. ठिसूळ काँक्रीट अशा उलटसुलट ओढीत पकड किती हेलकाव्यांपर्यंत टिकवतं, याची उत्तरं आपल्या मिश्रणांवर मिळाल्याशिवाय पाटण, कराड, सातारा या पट्ट्यात बहुमजली इमारतीच्या सांध्यात सिमेंटविना काँक्रीट ओतायला मी परवानगी देणार नाही. या बाबतीत माझी भूमिका अजिबात मवाळ नाही.

मग हा खटाटोप कशासाठी? कारण याच दोन जिल्ह्यांत असे प्रदेश आहेत जिथे सिमेंट काँक्रीट गजाला वाचवू शकत नाही. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांतली क्षारपड रानं बघा. उसाला पाणी देऊन देऊन जमिनीत मीठ वर आलं. त्या मातीतली फूटिंगं, चेंबरं, कुंपणाचे पोल काही वर्षांतच भुसभुशीत होतात, मग गज फुगतो आणि काँक्रीट उलतं. कमी कॅल्शियमच्या राखेचं काँक्रीट सल्फेटला सिमेंटपेक्षा चांगलं तोंड देतं, हे प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. दुसरा प्रदेश दुष्काळी. जत, आटपाडी, माण, खटाव. राख वगैरे मिसळलेल्या मिश्र सिमेंटला उष्ण कोरड्या हवेत किमान दहा दिवस पाणी मारायला संहिता सांगते. जिथे प्यायचं पाणी टँकरने येतं तिथे स्लॅबला दहा दिवस पाणी कोण मारणार? दोन दिवस गोणपाट ओलं दिसतं, तिसऱ्या दिवशी वाळलेलं. न मुरलेलं काँक्रीट सर्वांत कच्चं राहतं ते पृष्ठभागाजवळ, म्हणजे नेमकं कव्हरमध्ये, जिथे गजाला त्याची गरज असते. सिमेंटविना काँक्रीटला असं पाणी मारावं लागत नाही, झाकून ठेवलं की पुरतं. या एका गुणासाठी तरी माणदेशाने त्याची दखल घ्यायला हवी.

पर्यावरणाच्या हिशेबातही मात्र प्रामाणिक राहायला हवं. ऐंशी टक्के कार्बन वाचतो असं सांगितलं जातं. ऑस्ट्रेलियातल्याच २०१३ च्या एका अभ्यासात उत्खनन, वाहतूक, तापवणं सगळं धरल्यावर बचत अवघी नऊ टक्के निघाली. सोडियम सिलिकेट करायलाही भट्टी लागते, कॉस्टिकला वीज लागते. आणि आपल्या दोन जिल्ह्यांत औष्णिक केंद्र एकही नाही. राख परळी, नाशिककडून येणार, स्लॅग डोलवी किंवा बळ्ळारीकडून. त्यातून चांगली राख आधीच सिमेंटच्या गोणीत जाते. पीपीसी या मिश्र सिमेंटमध्ये पस्तीस टक्क्यांपर्यंत राख असतेच. तीच राख तिकडून काढून इकडे वापरली तर वातावरणाचा फायदा शून्य.

म्हणून मला आपल्या साखर कारखान्यांच्या राखेत रस आहे. शेंद्रे, भुईंज, रेठरे, साखराळे या गावांच्या आसपास राहणाऱ्यांना हंगामात वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी काजळी ठाऊक आहे. बॉयलरमध्ये बगॅस (उसाचं चिपाड) जळून जी राख उरते तिच्यात सिलिका भरपूर असते. ती तशीच वापरता येत नाही. तिच्यात न जळलेला कोळसा असतो, मातीही असते, आणि दर खेपेला प्रत बदलते. चाळून, दळून, तपासून घ्यावी लागते. पण ती इथे आहे, ढिगांनी आहे, आणि तिला मोठा गिऱ्हाईक नाही. स्लॅगसोबत तिचा काही वाटा वापरून जे काँक्रीट होईल त्याने गज किती धरला, हे पर्थमधून कोणी येऊन आपल्याला सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल चर्चासत्रांत फार कमी बोलतात. या मालात कॉस्टिकचं तीव्र द्रावण असतं. चौदा मोलर म्हणतात ते, म्हणजे लिटरभर द्रावणात अर्ध्या किलोहून जास्त कॉस्टिक. आपल्या साइटवर जतहून, विजापूरहून आलेल्या बाया-माणसं घमेली उचलतात. पायात चप्पल, हातात काही नाही. सिमेंटनेच त्यांच्या बोटांना भेगा पडलेल्या मी वर्षानुवर्षं बघतोय. कॉस्टिकचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. हातमोजे, चष्मा, धुवायला वाहतं पाणी, हे सगळं आजच्या ठेकेदारीत गावोगावच्या साइटवर पोचेल असा विश्वास मला नाही. म्हणून उघड्या साइटवर हा माल कालवायला माझा विरोध आहे.

राहतो मार्ग कारखान्यात ओतण्याचा. भारतीय मानक ब्युरोने २०२० साली काढलेलं आयएस १७४५२ नेमकं यासाठीच आहे: अशा काँक्रीटच्या कारखान्यात ओतून काढलेल्या वस्तू. जगातही प्रवास असाच झाला. क्वीन्सलँडमध्ये टुवूम्बाजवळच्या विमानतळावर २०१४ मध्ये सुमारे ४०,००० घनमीटर जिओपॉलिमर वापरलं, पण मुख्यतः विमानं उभी राहतात आणि वळतात त्या जागांच्या फरसबंदीत, जिथे गजावर फारशी मदार नसते. गजावर मदार असलेलं ठळक उदाहरण ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठातलं, २०१३ चं, आणि त्यातल्या ३३ तुळयाही कारखान्यात ओतून आणलेल्या. तिथे तापवता येतं, मोजता येतं, कामगाराला संरक्षण देता येतं आणि नापास झालेला तुकडा बाजूला काढता येतो.

आपल्याकडे सुरुवात गटारावरच्या झाकणांपासून, कुंपणाच्या पोलांपासून, चेंबरांपासून करता येईल. तुटलं तर जीव जाणार नाही, पण गज मात्र आत आहे आणि तो काम करतो आहे. जिल्हा परिषदांनी आणि सार्वजनिक बांधकाम विभागाने अशा वस्तूंच्या निविदेत क्यूबच्या रिपोर्टच्या जोडीला गजाच्या पकडीचा रिपोर्ट मागावा. तुळईच्या नमुन्यातला, नुसत्या ठोकळ्यातला नाही. हीच अट सिमेंटच्या वस्तूंनाही लावावी. 'आधी पूर्ण संहिता येऊ द्या' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच की संहिता चाचण्यांच्या आकड्यांवरच लिहिली जाते. आकडे कोणीच जमवले नाहीत तर ती येणार कुठून?

सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, साखराळ्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय, सगळीकडे गज ताणायची यंत्रं आहेत आणि दर वर्षी प्रकल्पाचा विषय शोधणारी मुलं आहेत. त्यांच्याकडून मला एक काम हवं आहे. बगॅसची राख आणि स्लॅग, नुसता स्लॅग, आणि साधं पीपीसी, या तिन्हींत बारा मिलिमीटरचे गज घालून शेकडो नमुने ओतायचे. काही महाविद्यालयाच्या गच्चीवर ठेवायचे, काही जतच्या उन्हात, आणि उरलेले वाळव्याच्या क्षारपड रानात कमरेएवढ्या खोल पुरायचे. वर्षाने एक खेप उकरायची, मग तिसऱ्या वर्षी, मग पाचव्या. गज ओढायचा, ठोकळा फोडायचा, रिबांचे ठसे शाबूत आहेत की गंजाने पुसले ते बघायचं, आणि आलेले आकडे, चांगले-वाईट सगळे, मराठीत छापायचे. रान द्यायला शेतकरी तयार होतील. पडीक पडलेल्या त्या रानाचा त्यांना दुसरा उपयोगही उरलेला नाही. पहिली खेप येत्या मेमध्ये, पाऊस लागायच्या आत पुरून होऊ शकते.